काका, तुमच्या कमेंटला उत्तर (जरा लांबलंय)

काका म्हणतेय कारण रिटायर होऊन 9 वर्षं झाली असं तुम्हीच लिहिलंय. मागच्या पोस्टमध्ये मी म्हटलं होतं की डिप्रेशनचा वाईट दिवस आला की मी त्याच्याशी मारामारी करत नाही, येऊ देते. त्यावर तुमचं म्हणणं, हे आळसाचे लाड आहेत, पोरं आधीच रडकी, पहाटे उठून तलावपाळीला चार फेऱ्या मारा, डिप्रेशनबिप्रेशन पळून जाईल, नाहीतर ठाण्याचं मेंटल हॉस्पिटल आहेच. राग आला, खोटं कशाला बोलू. (तो हॉस्पिटलचा जोक शाळेपासून ऐकतेय. हॉस्पिटल 1901 सालचं, जोकही तेवढाच जुना असेल. आणि मी पाचपाखाडीत राहते, मला अजून कुठे ठाण्याला पाठवणार?)

मंगळवारचं सांगते. साडेसहाला दुधाची पिशवी दाराच्या कडीला लागल्याचा आवाज आला, जागीच होते, रात्रभर. दहा पावलं जाऊन पिशवी आत घ्यायची, बस एवढंच, नाही जमलं. अकराला समोरच्या काकूंनी बेल वाजवली, अगं या उकाड्यात नासेल ना ते. तापवायला ठेवलं तर फाटलंच. पूर्वी मी तिथूनच सुरू व्हायचे, साधं दूध आत घेता येत नाही तुला, काय उपयोग तुझा, ते रात्रीपर्यंत, मग दुसऱ्या दिवशीचंही ऑफिस बुडायचं. या वेळी सुट्टीचा मेसेज टाकला, गोळी घेतली, वरणभात खाल्ला, पडून राहिले, आणि बुधवारी नऊ नंबर प्लॅटफॉर्मवरून ऑफिसला जायला ऐरोलीची गाडी पकडली. स्वीकारणं म्हणजे माझ्यासाठी एवढंच.

चालण्याने फरक पडतो हे मान्य, डॉक्टरही तेच सांगतात, मी संध्याकाळी जातेही. पण गोळ्यांनासुद्धा असर दाखवायला दोन-चार आठवडे लागतात, कधी जास्तही, एका पहाटेत काय होणार? आणि एंग्झायटी जोरात असली की तलावपाळीजवळच्या गडकरी रंगायतनच्या कोपऱ्यावरच्या हॉर्नांनीच छातीत धडधड सुरू होते, मग पहिलीच फेरी अर्धी.

एक मात्र तुमचं बरोबर. कुठपर्यंत स्वीकारायचं हे मी लिहिलंच नव्हतं, चूक माझी. दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसभर असंच चाललं तर त्याला वाईट दिवस म्हणून सोडून द्यायचं नाही, डॉक्टर गाठायचा. आणि मरणाचे विचार यायला लागले तर सकाळ होण्याची वाट बघायची नाही, घरात कुणालातरी उठवायचं, किंवा टेली मानसला (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) 14416 वर फोन, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. पोस्टमध्ये हे आता सगळ्यात वर टाकलंय.

तुमच्या कमेंटची शेवटची ओळ मी तिसऱ्यांदा वाचताना नीट दिसली, नातू महिनाभर कॉलेजला गेला नाही ती. काका, त्याला पहाटे पाचला हाका मारू नका प्लीज. आधी डॉक्टरकडे न्या. फेऱ्या नंतर मारा, संध्याकाळी, तुम्ही सोबत जा, आणि तो गप्प चालला तर चालू द्या.