समितीत ठरलंय म्हणे!

फेरीवाल्यांनी कुठे बसायचं वगैरे बघणारी जी फेरीवाला समिती, तिच्याबद्दल फेरीवाल्यांच्या 2014 च्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय, किमान 40 टक्के सदस्य फेरीवाल्यांचे, तेही त्यांनीच निवडून दिलेले, त्यात एक तृतीयांश बायका, आणि अध्यक्ष मुख्याधिकारी. वाचायला किती छान ना! आमच्या नगरपरिषदेत ती कशी बनते, तर वरून अहवाल द्या म्हणून पत्र आलं की धावपळ करून चार फोन जातात, मग त्यात कुणाचा तरी मेहुणा, एक रिटायर्ड सर जे गावातल्या प्रत्येक समितीवर असतातच (वृक्ष, शांतता, यात्रा, सगळीकडे तेच, कंटाळा कसा येत नाही देव जाणे) आणि फेरीवाल्यांचा प्रतिनिधी कोण, तर ज्याचे स्वतःचे गाळे भाड्याने दिलेत तो!! निवडणूक का नाही विचारलं तर फेरीवाल्यांचा सर्वे झाला नाही म्हणून यादी नाही, यादी नाही म्हणून मतदान नाही. भाजीवाल्या मावशी म्हणतात, "कसली समिती रं बाबा, पावती फाडणारा तेवढा रोज येतो."

बैठकीचं तर विचारूच नका, ठराव आधीच टाईप केलेला आणि रजिस्टर सह्यांसाठी घरोघरी फिरतं. मग एक दिवस अतिक्रमणवाले येऊन वजनकाटा उचलून ट्रॅक्टरमध्ये टाकतात, का म्हणावं तर समितीत ठरलंय. अहो पण कधी, हजर कोण होतं, इतिवृत्त दाखवा की! तर म्हणे माहिती अधिकारात अर्ज टाका, दहा रुपयांचं तिकीट लावून.