लॅक्सन आणि हैयान वादळ: तो मेसेज चुकीचा आहे

फिलिपिन्सचे पान्फिलो लॅक्सन पोलीसप्रमुख असताना त्यांनी हैयान वादळानंतरचं पुनर्वसन सांभाळलं असा मेसेज फिरतोय, प्लीज फॉरवर्ड करू नका. ते पोलीसप्रमुख होते १९९९ ते २००१, अध्यक्ष जोसेफ एस्ट्राडांच्या काळात, आणि वादळ आलं नोव्हेंबर २०१३ ला, म्हणजे मधे तब्बल बारा वर्षं गेली आणि त्यातला जवळजवळ सगळा काळ ते सिनेटर होते, निवडून आलेले. पुनर्वसनाचं काम अध्यक्ष बेनिग्नो अकिनो तिसरे यांनी डिसेंबर २०१३ मधे दिलं, खाकी उतरवून जमाना झाला होता तेव्हा. २०१५ मधे ते पद सोडलं, २०१६ ला पुन्हा सिनेटमधे. हजारो माणसं गेली हो त्या वादळात, निदान तारखा तरी नीट लिहा.