‘मदरबोर्ड गेलाय’ म्हणजे नेमकं काय गेलंय?

गेल्या सप्टेंबरचा दुसरा आठवडा. दिवाळी अंकांचं काम करणाऱ्यांना हे दिवस कसे असतात ते वेगळं सांगायला नको. तीन अंकांची पानं लावायची होती, त्यातल्या एकाचे चार फॉर्म (एकत्र छापायच्या पानांचे संच) दोन दिवसांत छापखान्यात जायचे होते, आणि रात्री साडेअकराला माझा लॅपटॉप बंद पडला. चार्जर लावला की दिवा एकदा लुकलुकायचा आणि विझायचा. बटण कितीही वेळ दाबून धरलं तरी पंख्याचा आवाजसुद्धा नाही.

लॅपटॉप 2019 चा. इंटेलचा आठव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर. मूळची हार्ड डिस्क काढून मी मागेच तिच्याहून वेगवान अशी एसएसडी बसवून घेतली होती, रॅमही 8 ची 16 जीबी केली होती. चालत होता तोवर त्याच्याबद्दल माझी एकही तक्रार नव्हती.

सकाळी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गेले. तासाभराने काउंटरवरच्या मुलाने सांगितलं, “मॅडम, मदरबोर्ड गेलाय. बदलावा लागेल. 31,500, टॅक्स वेगळा.” आणि मग अगदी आपुलकीने, “एवढे घालण्यापेक्षा नवीनच घ्या ना.” दुपारपर्यंत आणखी तिघांनी तेच सांगितलं. सगळ्यांचा हिशोब एकच होता: दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यावर गेला की नवीन घ्यावा.

हा हिशोब चुकीचा नाही. पण त्यात जो पहिला आकडा घालतो तो कुठून आला, हे कोणी विचारत नाही. मला सांगितलेला आकडा बिघाडाचा नव्हताच, अख्खा बोर्ड, म्हणजे लॅपटॉपचे सगळे भाग ज्याला जोडलेले असतात ती मुख्य पाटी, बदलण्याचा होता. बोर्डावरचं नेमकं काय बिघडलंय हे तिथे कोणी शोधलं नव्हतं, कारण शोधायची तिथे पद्धतच नाही. बोर्ड सुरू होत नाही, बोर्ड बदला. नळाचा वायसर गेला म्हणून आपण बाथरूम फोडत नाही. इथे मात्र तेच एस्टिमेट हातात घेऊन, नवीन घ्यावा की नाही याचा विचार करत बसतो.

दुपारी लॅपटॉप घेऊन पुण्याच्या बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेले. चिप लेव्हलचं काम, म्हणजे बोर्डावरचा बिघडलेला तेवढाच भाग शोधून बदलण्याचं काम, करणाऱ्या एका दादांचं नाव छापखान्यातल्या माणसाने सांगितलं होतं. त्यांनी माझ्यासमोर मागचं झाकण उघडलं, बॅटरी सोडवली, मल्टीमीटर लावला. चार्जरकडून येणारे 19 व्होल्ट ज्या लाइनवरून सगळ्या बोर्डाला मिळतात, तीच शॉर्ट होती. मग त्यांनी जे केलं ते मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. त्या लाइनला बाहेरच्या पॉवर सप्लायने एक व्होल्ट दिला आणि बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोल शिंपडलं. सगळा बोर्ड ओला चकचकीत. दोन-तीन सेकंदांत एका कोपऱ्यात तांदळाच्या कणीपेक्षाही लहान अशा एका भागावरचं अल्कोहोल उडून गेलं आणि तेवढाच ठिपका कोरडा झाला. शॉर्ट झालेला भाग तापतो, म्हणून आधी तिथलं वाळतं. “हा बघा ताई, हा कॅपॅसिटर.” तो काढला, शॉर्ट गेला. शेजारचा एक मॉसफेटही (वीज चालू-बंद करणारा बारीक भाग) जळालेला निघाला. दोन्ही बदलले, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लॅपटॉप हातात. 3,200 रुपये.

प्रत्येक वेळी असं होत नाही. पाणी किंवा चहा सांडून, वर तो तसाच चालू ठेवून, महिनाभर गंजलेला बोर्ड आणला तर चांगला कारागीरही हात जोडतो. प्रोसेसरच गेला असेल तर खर्च परवडत नाही. माझा आग्रह एवढाच आहे की निर्णय घेण्याआधी कारण कळलं पाहिजे. ‘बोर्ड गेलाय’ हे कारण नाही.

दुसरी एक गोष्ट दादांनीच लक्षात आणून दिली, आणि ती मला पैशांपेक्षा मोठी वाटते. विंडोज 11 वर बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी, असते. तिची किल्ली त्या बोर्डाशी बांधलेली असते. बोर्ड बदलला की सुरू होताना 48 आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, पण ते खातं दुकानदाराने लॅपटॉप घेताना उघडून दिलेलं असेल आणि पासवर्ड कोणालाच आठवत नसेल तर? आतला डेटा गेला. लॅपटॉप चालू आहे तोवर आज पाच मिनिटं काढा आणि ती की कागदावर उतरवून घ्या. दुरुस्ती करा नाहीतर नवा घ्या, हे दोन्हीच्या आधीचं काम आहे.

माझ्याकडे तर डेटाच्याही पलीकडचं ओझं आहे. जुन्या पुस्तकांच्या फायली पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत. पेजमेकर 7 हे 2001 साली आलं, त्याच्यापुढे काही आलंच नाही. फाँट युनिकोडच्या आधीचे, म्हणजे आजच्या सगळीकडे चालणाऱ्या टायपिंगशी न जुळणारे, आणि डोंगल (परवान्याची छोटी किल्ली) लावल्याशिवाय न चालणारे. वीस वर्षांपूर्वी लावलेल्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची म्हणून प्रकाशकाचा फोन येतो, तेव्हा ती फाइल जशीच्या तशी उघडणं ही माझी भाकरी आहे. नव्या मशिनवर हे सगळं परत बसवायला किती दिवस जातील, कुठली जोडाक्षरं फुटतील, याची किंमत कुठल्याच कोटेशनमध्ये नसते. टॅलीवर काम करणाऱ्यांनाही हे कळेल. ऐन हंगामात आठ दिवस गेले तर दुकानात 52,000 सांगितलेल्या नव्या लॅपटॉपची खरी किंमत तेवढीच राहत नाही.

आता उलटी बाजू, कारण मी काही दुरुस्तीचा हट्ट धरणारी नाही.

हे सगळं ऐकून साताऱ्याहून ताईचा फोन आला. “तुझा तीन हजारात झाला ना, मग हिचा पण घेऊन जा.” भाचीचा लॅपटॉप 2021 चा, ऑनलाइन शाळेसाठी घाईत घेतलेला. सेलेरॉन प्रोसेसर, 4 जीबी रॅम, 64 जीबीची साठवण, आणि हे सगळं बोर्डावर डकवलेलं. हिंज, म्हणजे स्क्रीनची बिजागरी, तुटलेला. आतल्या प्लॅस्टिकमधल्या, स्क्रू ज्यात बसतात त्या पितळी बोंड्या उपटून आल्या होत्या, त्यामुळे स्क्रीन उघडताना मागचं झाकण फाकायचं. पॅनल आणि हिंज मिळून 2,800 सांगितले. आकडा लहान आहे, निम्म्याच्या हिशोबात तर आरामात बसतो. मी नको म्हणाले. हिंज बसेल, पण पोरीला आता इंजिनिअरिंगला जायचंय, आणि त्या मशिनची रॅम कधीच वाढणार नाही. विंडोज अपडेट आला की जागा संपते. तिथे 2,800 घालणं म्हणजे तिला आणखी दोन वर्षं त्याच त्रासात ठेवणं. 31,500 ऐकून घाबरू नये तसं 2,800 ऐकून हुरळूनही जाऊ नये.

तिच्यासाठी मी ऑफिसांतून लीजवरून सुटलेला बिझनेस मालिकेतला रिफर्बिश्ड (वापरलेला, पण दुरुस्त करून विकलेला) लॅपटॉप बघितला. रॅम आणि एसएसडी बदलता येते, सुटे भाग बाजारात मिळतात. घेताना पक्कं बिल, बॅटरीचा रिपोर्ट आणि बायोसला (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या सेटिंगला) पासवर्ड नाही ना, एवढं बघितलं. 2025 च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले, त्यामुळे रॅम आधीच भरलेली असणं हा मोठा फायदा. आणि आठव्या पिढीच्या खालच्या प्रोसेसरचा घेतला नाही. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि 11 त्या जुन्या प्रोसेसरवर रीतसर बसत नाही. घरात असा जुना धडधाकट पडलेला असेल तर त्याच्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही प्रणाली घालून बघा, ब्राउझर आणि पत्रलेखनाला उत्तम चालतो.

एका गोष्टीचा मला मनापासून राग आहे. त्या दादांकडे बोर्डाचा नकाशा (कुठला भाग कशाला जोडलाय ते दाखवणारा) असतो तो कंपनीने दिलेला नसतो. इकडून-तिकडून जमवलेला असतो. ज्या माणसाने माझी दिवाळी वाचवली, त्याने चोरून मिळवल्यासारखं का काम करावं? फ्रान्समध्ये 1 जानेवारी 2021 पासून लॅपटॉपवर तो किती दुरुस्त करण्याजोगा आहे याचे दहापैकी गुण छापावे लागले. आपल्याकडे केंद्राने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टलही सुरू केलं. सुरुवात चांगली आहे. पण सुटे भाग आणि नकाशे गल्लीतल्या कारागिराला रीतसर विकत मिळतील, तेव्हा मी म्हणेन की हक्क मिळाला.

अंक वेळेत छापून आला. लॅपटॉप आजही चालतोय, ही पोस्ट त्याच्यावरच लिहिते आहे. भाचीच्या जुन्याची बॅटरी फुगायला लागली होती, म्हणून तो भंगारवाल्याला न देता ई-कचरा संकलन केंद्रात दिला.

तुमच्या गावात चिप लेव्हलचं काम करणारं, आधी कारण दाखवून मग पैसे सांगणारं कुणी असेल, तर खाली गाव आणि भाग लिहा. नागपूर, सोलापूर आणि रत्नागिरीहून मला आधीच तीन जणांनी विचारलंय आणि माझ्याकडे उत्तर नाही.