७८६ उलटा केला की ॐ होतो? एका पत्रिकावाल्याचं उत्तर

आमच्या नात्यातल्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात तो मेसेज पुन्हा आला. ७८६ संस्कृत अंकांत लिहून आरशात पाहा, ॐ दिसेल. कुराणाच्या प्रत्येक प्रतीवर हा आकडा असतो, पण हाच का, हे एकाही अरबी पंडिताला सांगता आलेलं नाही. म्हणजे मुसलमान नकळत ॐकारच पूजतात. खाली सगळ्यांनी हात जोडलेले. मी बुधवार पेठेत लग्नपत्रिका कंपोझ करतो. सीझनला हा आकडा रोज माझ्या हाताखालून जातो, म्हणून गप्प राहवलं नाही.

आधी आरसा. मी ७८६ मोठ्या टाइपात घेऊन कोरल ड्रॉमध्ये मिरर करून पाहिलं. ६ चा ३ झाला, एवढंच. तो होणारच. आपल्या लिपीत हे दोन अंक एकमेकांकडे पाठ करून बसतात, म्हणून तर आपण छत्तीसचा आकडा म्हणतो. ॐ ची डावी बाजू ३ सारखी दिसते, तिथून हा सगळा शोध निघाला. उरलेले ८ आणि ७ आडवे करून, एकावर एक चढवून, वर पदरची चंद्रकोर आणि बिंदू दिल्याशिवाय ॐ होत नाही. शिवाय मुसलमान हा आकडा देवनागरीत लिहीत आले असं कुठे आहे? अरबी अंकांत सात म्हणजे उघडा चिमटा आणि आठ म्हणजे तोच पालथा, घराच्या छपरासारखा. हे दोन्ही आरशात जसेच्या तसे राहतात. आणि ॐ तरी मुळात आकार आहे का? ज्ञानदेवांनी त्यात गणपती पाहिला तो अकार, उकार, मकार या मात्रांतून. तमिळमध्ये ॐ वेगळा दिसतो, गुरुमुखीत वेगळा. नाद तोच.

आता ‘कुणालाच सांगता येत नाही’ हे. अरबी अक्षरांना अंक देण्याची जुनी रीत आहे, तिला अबजद म्हणतात. २८ अक्षरं, किमती १ पासून १००० पर्यंत. ‘बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम’ म्हणजे परम कृपाळू, परम दयाळू अल्लाहच्या नावाने. बिस्म १०२, अल्लाह ६६, अर्रहमान ३२९, अर्रहीम २८९. बेरीज ७८६. यात गूढ काही नाही. आपल्याकडेही अक्षरांना अंक देण्याची कटपयादी रीत आहे, त्यात ज ८ आणि य १. अंक उजवीकडून डावीकडे वाचायचे, म्हणून ‘जय’ म्हणजे १८.

बेरजेवरून श्रद्धा सिद्ध करू नये, याचा दाखला याच आकड्यात आहे. उर्दूत ‘हरे कृष्णा’ लिहून अक्षरं मोजा: ५, २००, १०, मग २०, २००, ३००, ५०, १. तेही ७८६! शेवटचा काना काढून ‘कृष्ण’ लिहिलं की ७८५. एका कान्यावर हलणाऱ्या योगायोगातून कुणाचा धर्म कुणाचा ठरवायचा?

कुराणाचं म्हणाल तर ७८६ त्यात कुठेच नाही, हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांतही नाही. तिथे अख्खी बिस्मिल्ला आहे. ११४ सुऱ्यांपैकी (अध्यायांपैकी) नववी सोडून प्रत्येकीच्या सुरुवातीला, आणि सत्ताविसावीत सुलेमानच्या पत्रात आणखी एकदा. आकडा लिहिण्याची चाल मुख्यतः भारतीय उपखंडातली, अरब देशांत ती रूढ नाही. आकडा बिस्मिल्लाची जागा घेऊ शकत नाही, असं अनेक उलेमा, म्हणजे धर्मपंडित, स्पष्ट सांगतात. मग पूजा कसली?

हा आकडा मुळात लिहितात का, हे मला पहिल्यांदा भवानी पेठेतल्या एका चाचांनी समजावलं होतं. त्यांच्या मुलीच्या पत्रिकेवर वर ७८६/९२ होतं. ९२ म्हणजे मुहम्मद, चार अक्षरांची बेरीज: ४०, ८, ४०, ४. “भाऊ, कार्ड लोक शेवटी टाकूनच देतात,” ते म्हणाले, “अल्लाहचं नाव पायाखाली नको.” मला लगेच पटलं, कारण ‘पाकिटावर गणपतीचं चित्र नको, रस्त्यात पडतं’ असं सांगणारी सदाशिव पेठेतली गिऱ्हाइकंही मी वर्षानुवर्षं पाहतोय.

मागच्या महिन्यात एक बाप-लेक आले होते. मुलगा म्हणाला, “अब्बा, आकडा दीनमध्ये (धर्मात) नाही, पूर्ण बिस्मिल्ला लिहू.” वडील म्हणाले, “आणि ती कचऱ्यात गेली तर?” अर्धा तास दोघं प्रूफवर वाकून बोलत होते. ॐ चा विषय त्यांच्या बोलण्यात एकदाही निघाला नाही. शेवटी पाकिटावर ७८६ राहिला आणि आतल्या पानावर, सर्वांत वर, मी अरबीत बिस्मिल्ला लावली.