आई नोकरी का करते? दोन ओळींत लिहा

विश्रामबागेतल्या त्या पाळणाघराच्या फॉर्मवर बापासाठी दोनच रकाने, नाव आणि मोबाईल. आईला मात्र जादा, 'नोकरी करण्याचे कारण', पुढं दोन ओळी मोकळ्या. शनिवारी वाचलं, अजून डोकं तापलेलंच आहे.

शेजारच्या खुर्चीत एक आजोबा भडंगाची पुडी घेऊन बसलेले. माझं पेन अडलेलं बघून म्हणाले, "लिहा की, हौस."

"हौस कसली ओ, फ्लॅटचा हप्ता आहे."

"मग अडचण लिहा. अडचण म्हटलं की बाई पोराकडं जरा बरं बघतात."

मग सासूची चौकशी. म्हटलं तासगावला असतात, द्राक्षबागेची छाटणी चाललीय. "बाग मोठी का नातू मोठा?" म्हटलं फोन लावून देते, तुम्हीच विचारा. तर गप्प. दोन शेंगदाणे चावले आणि परत सुरू, "आमच्या वेळी पोरं आपोआप वाढायची."

आपोआप! म्हणजे बायकोनं आयुष्यभर काय केलं ते या माणसाला अजून कळलेलंच नाही.

आणि मी काय हौसेनं आले का इथं? घरी येणाऱ्या मावशी ठेवून बघितल्या, पोरगं मालिकेतल्या सासूला बघून टाळ्या वाजवायला लागलं. अंगणवाडीत बसवायचं तर तीन वर्षं पूर्ण पाहिजेत, आमचं 14 महिन्यांचं, त्याला नुसतं आहाराचं पाकीट. 2017 साली कायद्यात आलंय की 50 माणसं असली की ऑफिसनं पाळणाघराची सोय करायची, आईला दिवसातनं 4 वेळा बाळाकडं जाऊ द्यायचं. आमच्यात आम्ही 47. सोडून गेलेल्या तिघांच्या जागा का भरत नाहीत हे मी दोन वर्षं विचारत होते, आता विचारत नाही.

तेवढ्यात आतनं एक पोरगी "आजोबाऽ" करत धावत आली आणि थेट यांच्याच मांडीवर.

"तुमची नात? इथं?"

"मग काय तर. आमच्या हिचे गुडघे गेलेत, आणि मला काय पोरं सांभाळायला जमतंय होय?"

"मग तुमच्या सुनेनं काय लिहिलं कारण?"

"फॉर्म पोरानं भरला की. तो रकाना मोकळाच सोडला त्यानं. कोण बघतंय?"

माझ्या तोवर दोन्ही ओळी भरून समासात पण लिहून झालं होतं.