"किती बारीक झालीस गं!"

दोन वर्षांपूर्वी घरच्या एका कार्यक्रमात मी माझ्या भाचीला चारचौघांत म्हणाले, "अगं, किती छान बारीक झालीस! मलाही सांग की काय करतेस ते." ती नुसती हसली. तेव्हा १४ वर्षांची होती. पुढे उपचार सुरू झाल्यावर समुपदेशकांनी तिला, लोकांची कोणती वाक्यं डोक्यात राहिली ते लिहायला सांगितलं. त्या यादीत माझं वाक्य होतं. पुढे तिने लिहिलं होतं, "मावशी म्हणाली, म्हणजे जमतंय."

डॉक्टरांनी मला समजावलं की एका वाक्याने कुणाला ॲनोरेक्सिया, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने उपाशी राहण्याचा आजार, होत नाही. आनुवंशिकता असते, मुळात काटेकोर स्वभाव असतो, वयात येतानाची उलथापालथ असते. पटलं मला. पण पेटू लागलेल्याला मी वारा घातला, हेही तितकंच खरं.

आम्हाला कळलं कसं नाही, असं लोक विचारतात. कळणार कसं? आजार दिसतच नव्हता, दिसत होती ती शिस्त. पहाटे उठून पळायला जायची. गोड सोडलं, मग तळलेलं सोडलं, मग रात्रीचं जेवण. घरात सगळ्यांसाठी हौसेने काहीबाही करायची, आग्रह करकरून वाढायची आणि स्वतः मात्र "माझं मघाशीच झालं." ताई कौतुकाने सांगायची, "हिला काही सांगावं लागत नाही." उकाड्यात स्वेटर घालून बसायची तेव्हासुद्धा आम्ही तिला हसलोच. पाळी थांबली, शाळेत चक्कर येऊन पडली, नाडी भलतीच मंद लागली, तेव्हा कुठे डोळे उघडले.

आता मला जे बोलायचंय ते. निदान झाल्यावर ज्याने त्याने एकच सल्ला दिला: तिचा आत्मविश्वास कमी आहे, तो वाढवा. मीही त्यातलीच. तिच्याजवळ बसून म्हणायची, "तू आहेस तशीच सुंदर आहेस." ती भडकायची. का भडकायची, ते आज कळतं. तिला दिसण्यातून बाहेर यायचं होतं आणि मी पुन्हा दिसण्याबद्दलच बोलत होते. आणि दुसरं म्हणजे, उपाशी मेंदूला असलं काही ऐकूच जात नाही.

हे माझं मत नाही. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ तरुणांवर एक प्रयोग केला. युद्धात लढायला नकार दिलेली, स्वखुशीने आलेली, शरीराने आणि मनाने धडधाकट म्हणून निवडलेली माणसं. त्यांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. ती चिडकी झाली, उदास झाली, माणसांपासून तुटली. दिवसरात्र खाण्याचाच विचार. पाककृतींची पुस्तकं जमवायला लागली. घासाचे तुकडे करून तासन् तास चिवडत बसायची. कायम थंडी वाजायची. मी हे वाचलं तेव्हा भाचीच समोर उभी राहिली. त्या माणसांना ना फॅशनचं वेड होतं, ना आरशाशी भांडण. ते सगळं नुसत्या भुकेने केलं होतं. (जाता जाता, उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणाऱ्या आकड्याला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव १९७२ मध्ये रूढ केलं ते याच कीज यांनी. आज त्याच आकड्यावरून आपण मुलांना हिणवतो.)

म्हणून पहिलं औषध म्हणजे जेवण. लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात १९८०च्या दशकात कुटुंबाला हाताशी धरून उपचार करण्याची जी पद्धत घडली, तिचा गाभा हाच: आई-बापांना दोष द्यायचा नाही, पण जेवणाची सूत्रं काही काळ त्यांच्या हातात द्यायची. मात्र फार खंगलेल्या मुलाला घरच्या घरी भराभर खायला घालू नका. रक्तातलं फॉस्फेट एकदम उतरून जीवावर बेतू शकतं. डॉक्टरांची देखरेख हवीच.

ताईने सहा महिने ते केलं. दिवसातून सहा वेळा ताट समोर ठेवायचं आणि संपेपर्यंत शेजारी बसायचं. ताटं भिरकावली गेली, "तुला मला जाड करायचंय" असा आक्रोश झाला. ताई भिंतीकडे तोंड करून रडायची आणि वळून म्हणायची, "हा घास घे." प्रेरणादायी असं त्यात काही नव्हतं.

मग स्वतःबद्दलच्या मताचं काहीच नाही का? आहे ना. पडद्यावरचं बघून ते मत कसं बदलतं ते बघा. फिजी बेटांवरच्या एका भागात १९९५ मध्ये टीव्ही पोचला. तिथल्या किशोरवयीन मुलींचा अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ ॲन बेकर यांनी अभ्यास केला. वजन घटवायला उलट्या करणारी तेव्हा एकही सापडली नव्हती. १९९८ मध्ये ते प्रमाण ११.३ टक्के झालं होतं. तीन वर्षांत! आज तर तो पडदा मुलांच्या खिशातच असतो.

आणि हे फक्त हडकुळ्या मुलींचं दुखणं नाही. बुलिमियात, म्हणजे भरमसाट खाऊन मग उलट्या वगैरे करून ते बाहेर काढण्याच्या आजारात, वजन बहुतेक वेळा नेहमीसारखंच असतं, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. आत मात्र दातांचं एनॅमल झिजतं, पोटॅशियम घसरून हृदयाचे ठोके बिघडतात. मुलगे दंड फुगवण्याच्या नादात त्याच खड्ड्यात पडतात, आणि आपण त्यांना शाबासकी देतो.

वजन सावरल्यावर, आधी नव्हे, समुपदेशकांनी भाचीला एक वर्तुळ काढायला लावलं. तू स्वतःला कशावरून जोखतेस, त्याचे भाग पाड. पाऊण वर्तुळ 'वजन आणि दिसणं'. सगळं एकाच खुंटीला टांगलेलं. ती निसटली की संपलंच. परवा तिने नवं वर्तुळ दाखवलं. बुद्धिबळ, मैत्रिणी, धाकटा भाऊ, आणि एक बऱ्यापैकी मोठा भाग 'लोकांच्या चुका काढणे'. वजनाचा भाग आहेच अजून. पाचरीएवढा.

ही पोस्ट टाकण्यापूर्वी तिला वाचायला दिली. पहिल्या खर्ड्यात मी तिची वजनं लिहिली होती, आधी किती, नंतर किती. प्रसंगाचं गांभीर्य कळावं म्हणून. तिने फोन परत दिला आणि म्हणाली, "मावशी, हे आकडे काढ. मी तेव्हा असे आकडे शोधायचे आणि त्याच्याखाली जायला बघायचे."

काढले.