झेरॉक्स द्या, नाहीतर खोली नाही

गेल्या आठवड्यात एका तालुक्याच्या गावी अचानक मुक्काम करावा लागला आणि लॉजच्या काउंटरवर नेहमीप्रमाणे आधारची झेरॉक्स मागण्यात आली. मी शेवटचे चारच आकडे दिसणारे मास्क्ड आधार पुढे केले, तर ‘हे चालत नाही, पूर्ण नंबर लागतो’ असे उत्तर मिळाले. रात्रीचे साडेदहा वाजले होते, सोबत वृद्ध आई होती, म्हणून निमूटपणे दोघांचीही पूर्ण कार्डे दिली. व्यवस्थापकाने त्यांचे फोटो स्वतःच्या मोबाइलवर काढले आणि झेरॉक्स टेबलाखालच्या एका उघड्या खोक्यात टाकल्या, जिथे कितीतरी अनोळखी माणसांची नावे, जन्मतारखा आणि पत्ते आधीच पडून होते.

संताप त्या माणसाचा नाही, कारण ही सवय त्याला वरून लागलेली आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातले पहिले आधार क्रमांक वाटले गेले, तेव्हा ही नोंदणी ऐच्छिक असल्याचे सांगितले जात होते. आज रेशनपासून पॅन कार्डापर्यंत त्याशिवाय पान हलत नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २०१७ साली एकमताने सांगितले, आणि पुढच्या वर्षी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने आधार कायदा बहुमताने टिकवला, तरी बँक खाते आणि मोबाइल क्रमांक आधारला जोडण्याची सक्ती रद्द केली. त्या निकालाचा मागमूसही कुठल्या काउंटरवर दिसत नाही. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्याच बंगळुरू कार्यालयाने ‘झेरॉक्स सरसकट देऊ नका, मास्क्ड आधार वापरा’ असा इशारा दिला होता. त्याचा चुकीचा अर्थ लावला जाईल, असे कारण देऊन तो दोन दिवसांत मागे घेण्यात आला. नागरिकाच्या बाजूने निघालेले एक साधे पत्रक दोन दिवससुद्धा टिकू नये, याची चीड कशी येणार नाही?

पासवर्ड फुटला तर बदलता येतो. दहा बोटांचे ठसे आणि दोन डोळ्यांची बुबुळे कशी बदलायची? तरीही सरकारची गोळा करण्याची भूक वाढतेच आहे. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने केवळ अटक झालेल्या, दोष सिद्ध न झालेल्या माणसाचेही ठसे आणि बुबुळांच्या नोंदी घेण्याची मुभा दिली आणि त्या ७५ वर्षे जपून ठेवण्याची तरतूद केली. निर्दोष सुटलेल्याच्या नोंदी नष्ट करण्याचे कलम त्यात आहे, हे मान्य. पण आपल्याकडे खटला निकाली निघायला आयुष्याची किती वर्षे जातात, हे कोर्टाची पायरी चढलेल्या कोणालाही विचारावे.

सर्वांत जास्त राग येतो तो २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा. ज्याच्याकडे आपली सर्वाधिक माहिती आहे, त्या केंद्र सरकारला राष्ट्रीय सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशी कारणे देऊन आपल्या हव्या त्या यंत्रणेला अधिसूचनेद्वारे या कायद्यातून वगळता येते. त्याच कायद्याने माहिती अधिकाराचे वैयक्तिक माहितीविषयीचे कलमही बदलले, त्यामुळे अधिकाऱ्याविषयी काही विचारले की ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार देणे सोपे झाले आहे. म्हणजे माझ्या बोटांच्या रेषा सरकारजवळ, आणि सरकारच्या कागदांवर मात्र खासगीपणाचे कुलूप! खासगीपणाच्या नावाने केलेल्या कायद्याने नागरिकालाच उघडे पाडावे, हा उघड अन्याय आहे आणि तो सहन करण्याची माझी तयारी नाही.

सकाळी निघताना मी त्या झेरॉक्स परत मागितल्या. ‘रेकॉर्डला लागतात’ एवढेच सांगण्यात आले. किती दिवस ठेवणार आणि मोबाइलमधले फोटो कधी पुसणार, हे मी दोनदा विचारले, तेव्हा व्यवस्थापकाने पुढच्या गिऱ्हाइकाकडे पाहून ‘आधार द्या’ म्हटले. आईचा आधार क्रमांक अजून त्या खोक्यात आहे.